तक्रारपत्रकाचा निवेदक

काही शब्द आपल्या शिक्षणव्यवस्थेत फार लवकर प्रतिष्ठा पावतात आणि तितक्याच लवकर पोकळ होतात. ‘मूल्यशिक्षण’ हा असा एक शब्द होता. ‘आनंददायी शिक्षण’ हा दुसरा. आता ती पाळी ‘समुपदेशन’ या शब्दावर आली आहे. विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, हे त्यांतील एक. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळांत समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते आणण्याची भाषा केली होतीच.

या निकालाच्या बातमीनंतर शिक्षककक्षात दोन प्रकारचे उद्गार ऐकू आले. पहिला असा : “आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? आम्ही काय बिघडलो?” दुसरा असा : “बरे झाले. आता ही असली मुले त्यांच्याकडे पाठवून देता येतील.” पहिला उद्गार समुपदेशनाच्या विरोधातला आहे आणि त्याचा समाचार घेणे फार अवघड नाही. दुसरा मात्र समुपदेशनाच्या बाजूचा भासतो, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. प्रस्तुत लेख मुख्यतः या दुसऱ्या उद्गाराविरुद्ध आहे. तो उद्गार एके काळी माझ्याही तोंडून निघालेला आहे, एवढीच या विषयावर लिहिण्याची माझी पात्रता.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वर्गातले वर्तन आणि मुलामुलींचे परस्परसंबंध ही संपूर्ण वर्गाची बाब असते, आणि त्या वर्गात शिक्षकही मोडतो. आपण मात्र समुपदेशकाच्या हाती केवळ एक मूल देतो, वर्ग देत नाही. वर्ग हाती नसलेल्या समुपदेशकाला उपदेशाखेरीज दुसरे काहीही करता येत नाही.

१.

काही वर्षांपूर्वी मी शाळेला जोडलेल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला मराठी शिकवत होते. तुकडीत सत्तरहून अधिक मुले. वऱ्हाडातून वडिलांच्या नोकरीपायी आलेला एक मुलगा त्यांत होता. प्रकट वाचनाच्या तासाला तो उभा राहिला, धडा वाचू लागला, मध्येच अडखळला आणि “मले हे समजलं नाही, मॅडम,” असे म्हणाला. वर्ग हसला. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याच मुलाने भर तासाला शेजारच्या मुलाच्या अंगावर पाण्याची बाटली फेकून मारली. त्याचा ओठ फुटला. मी रीतसर पत्रक भरले.

पत्रक छापील होते : विद्यार्थ्याचे नाव, तुकडी, समस्येचे स्वरूप, वर्गशिक्षकाचा शेरा. ‘समस्येचे स्वरूप’ या रकान्यात मी लिहिले, “आक्रमक. वर्गाची शिस्त बिघडवतो. सहाध्यायींशी जुळवून घेत नाही.” समुपदेशक मॅडम आठवड्यातून एक दिवस येत. तासांप्रमाणे मानधन आणि बसायला क्रीडासाहित्याची खोली, अशी त्यांची व्यवस्था होती. मुलगा तीन-चार वेळा त्या खोलीत जाऊन आला आणि शांत झाला. इतका शांत झाला, की त्यानंतर त्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. मी समाधान पावले. वर्षाच्या अखेरीस तो दाखला घेऊन निघून गेला, तेव्हाही मला त्यात काही वावगे वाटले नाही.

त्या समुपदेशक बाईंचा करार संपला त्या दिवशी त्या मला भेटायला आल्या. मुलाने त्यांना काय सांगितले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्यांनी एकच गोष्ट सांगितली. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक तास बसू द्यावे, अशी लेखी विनंती त्यांनी कार्यालयाकडे केली होती. ‘अध्यापनात व्यत्यय येईल’ म्हणून ती नाकारण्यात आली. ती विनंती माझ्यापर्यंत आलीच नव्हती. आली असती तर मी ती मान्य केली असती, असे मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

नंतर इतर मुलांकडून उलगडा झाला. ‘मलेतुले’ हे त्या मुलाचे वर्गातले नाव होते. हजेरी घेताना त्याचा क्रमांक आला की मागून कोणीतरी ते हळूच उच्चारत असे. ते नाव पडले त्या पहिल्या दिवशी, प्रकट वाचनाच्या तासाला, वर्गाबरोबर मीही हसले होते. भाषेची प्राध्यापक, बोलींवर व्याख्याने देणारी, ‘प्रमाणभाषा हीसुद्धा एक बोलीच’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिणारी मी.

२.

आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो, की कथा वाचताना निवेदक कोण आहे हे आधी पाहावे. तो कुठे उभा आहे, त्याला काय दिसते, काय दिसत नाही आणि दिसूनही तो काय सांगत नाही, हे तपासावे. अविश्वसनीय निवेदकावर आपण प्रश्नपत्रिकेत टिपा विचारतो. परंतु आपण स्वतः भरलेले तक्रारपत्रक ही एक कथा आहे आणि तिचा निवेदक आपणच आहोत, हे आपल्याला सुचत नाही.

माझीच तीन वाक्ये पाहा. ‘आक्रमक’ हे विशेषण आहे. त्याच्या आधी काय घडले हे सांगणारे क्रियापद त्या रकान्यात कुठेच नाही. ‘वर्गाची शिस्त बिघडवतो’ या वाक्यात वर्ग हा कर्माचा भाग आहे. ज्या वर्गाने तीन महिने रोज एक शब्द उच्चारला, तो माझ्या संपूर्ण निवेदनात एकदाही कर्ता होत नाही. ‘सहाध्यायींशी जुळवून घेत नाही’ हे वाक्य तर सर्वांत निर्लज्ज आहे. सत्तर जणांनी एकाशी जुळवून घ्यायचे की एकाने सत्तर जणांशी, हा प्रश्नच त्या वाक्याने निकालात काढला. आणि प्रथमपुरुषी सर्वनाम? ते कुठेही नाही. ‘मी हसले’ हे लिहिण्यासाठी छापील पत्रकात रकाना नव्हता.

असे पत्रक घेऊन मूल बंद खोलीत जाते, तेव्हा संहिता आधीच लिहून झालेली असते. समुपदेशकाने कितीही सहानुभूतीने ऐकले, तरी खोलीतून बाहेर पडल्यावर मूल त्याच बाकावर, त्याच सत्तर जणांत येऊन बसते. त्याला राग आवरायला शिकवता येते, दीर्घ श्वास घ्यायला शिकवता येते, दुर्लक्ष करायला शिकवता येते. हे सारे उपयोगाचे नाही असे मी म्हणत नाही. पण या प्रकरणात त्याचा अर्थ एवढाच होतो, की अपमान पचवण्याचे प्रशिक्षण त्याला संस्थेच्या खर्चाने मिळाले.

३.

‘समुपदेशन’ हा शब्दच मुळी आपल्याला दगा देतो. ‘दिश्’ म्हणजे दाखवणे. त्यापासून उपदेश, आणि त्यामागे ‘सम्’ लावून समुपदेश. काउन्सेलिंगसाठी हा शब्द रूढ झाला आणि त्यातला ‘उपदेश’ शाळांनी शब्दशः घेतला. वस्तुतः ज्या कार्ल रॉजर्स यांच्या १९४२ च्या ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या ग्रंथाने या व्यवसायाची आधुनिक घडण केली, त्यांचा सारा रोख उपदेश न करण्यावर होता. समोरच्याला दिशा दाखवू नये, त्याची दिशा त्याला सापडेल असे ऐकावे, हे त्या पद्धतीचे मर्म. आपल्या शाळांत मात्र मुख्याध्यापक समुपदेशकाला म्हणतात, “जरा समजावून सांगा त्याला.” समजावून सांगणे हेच ज्याने टाळायचे, त्याला नेमके तेच करायला आपण पगार देतो.

या व्यवसायाच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट भाषेच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील शालेय समुपदेशनाचा आरंभ सांगताना जेसी डेव्हिस यांचे नाव घेतले जाते. १९०७ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे मुख्याध्यापक असताना त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांना आठवड्यातून एकदा निबंधलेखनाच्या तासाला मार्गदर्शनाचा पाठ घ्यायला सांगितले. त्या पाठांत नीतिबोधाचा भाग मोठा होता, हे खरे आणि ते आज कोणी अनुकरणीय म्हणणार नाही. परंतु जागा पाहा. हे काम वर्गात, भाषेच्या तासाला, सर्वांच्या देखत सुरू झाले. स्वतंत्र पद आणि स्वतंत्र दालन या गोष्टी मागाहून आल्या. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने अमेरिकेत समुपदेशकांसाठी पैसा उपलब्ध करून दिला. हेतू हा, की हुशार मुले हेरून त्यांना विज्ञानाकडे वळवावे. समुपदेशक कोणासाठी काम करतो, मुलासाठी की व्यवस्थेसाठी, हा प्रश्न म्हणजे आपल्याकडच्या कोणा असंतुष्ट प्राध्यापिकेचे कुजबुजणे नव्हे. तो या व्यवसायाच्या जन्मापासूनचा आहे.

आपल्याकडे तो वेगळ्या वेषात आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली, आणि हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. छडी गेली, निदान कागदावर तरी गेली, हे उत्तमच झाले. पण छडीमागची जी इच्छा होती, की त्रास देणारे मूल नजरेआड व्हावे आणि परतताना गप्प होऊन यावे, ती इच्छा कोणत्याही कलमाने रद्द झाली नाही. तिने नवी खोली शोधली.

४.

“मग काय करायचे? वर्गालाच समुपदेशन करायचे?” असे कोणी उपहासाने विचारील. त्याचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते माझे एकटीचे नाही.

नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे शाळेतल्या मुलांकडून झालेला छळ असावा, असे समोर आल्यावर १९८३ मध्ये तेथे देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. बर्गेन येथील मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस यांनी त्या निमित्ताने घडवलेला कार्यक्रम हा पुढे जगभरच्या अशा प्रयत्नांचा पाया ठरला. त्याचे स्वरूप काय होते? वर्गाने मिळून ठरवलेले नियम, नियमित वर्गसभा, मधल्या सुट्टीत मोठ्यांची सजग उपस्थिती, पालकांशी बोलणे आणि गरजेप्रमाणे संबंधित मुलांशी स्वतंत्र संवाद. स्वतंत्र संवाद त्यात आहे. पण तो एकटा नाही.

फिनलंडमधील क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हा विचार आणखी पुढे नेला. छळ ही दोन मुलांमधली घटना नसते, तिच्यात वर्गातल्या बहुतेकांची काही ना काही भूमिका असते, असे त्यांनी दाखवले. छळणारा आणि छळला जाणारा यांच्याशिवाय साथ देणारे असतात, मजा घेऊन उत्तेजन देणारे असतात, दूर राहणारे असतात आणि बचावाला येणारे असतात. तुर्कू विद्यापीठात २००६ पासून विकसित झालेला ‘कीवा’ हा कार्यक्रम याच निष्कर्षावर उभा आहे. छळणाऱ्याला बदलणे कठीण, बळीला ‘खंबीर’ करणे अपुरे. मात्र हसणाऱ्यांनी हसणे थांबवले, की छळातले बक्षीसच नाहीसे होते.

हसून उत्तेजन देणारे, ही भूमिका वाचली तेव्हा मला माझे स्थान सापडले.

हे सारे परदेशी ज्ञान म्हणून झटकून टाकायचे असेल, तर आपल्या बी.एड.च्या वह्या उघडाव्यात. तेथे ‘समाजमिती’ नावाचा भाग असतो. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेले हे तंत्र : वर्गातल्या प्रत्येकाला विचारायचे की तुला कोणाशेजारी बसायला आवडेल, आणि उत्तरांवरून बाणांची आकृती काढायची. कोणाकडे पुष्कळ बाण येतात, कोणाकडे एकही येत नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते. शिकाऊ शिक्षक ही आकृती रंगीत पेन्सिलींनी काढतो, गुण मिळवतो आणि नोकरी लागल्यावर जन्मात पुन्हा काढत नाही. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही ते मूल ओळखण्याचे साधन आपल्या हाती दिलेले आहे. आपण मात्र त्याने बाटली फेकण्याची वाट पाहतो.

५.

आता पहिल्या उद्गाराकडे वळू. ‘आमच्या वेळी’ समुपदेशक नव्हते आणि सारे काही ठीक होते, असे म्हणणारे सहसा ठीक राहिलेल्यांपैकी असतात. जे ठीक राहिले नाहीत ते शिक्षककक्षात हे वाक्य उच्चारायला हजर नसतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आपण अभ्यासक्रमात लावतो. त्यांत शाळेची पाने आहेत. ती पाने शिकवताना आपण ‘विद्रोह’, ‘आत्मभान’, ‘वेदना’ असे शब्द वापरतो. तोच मुलगा आज आपल्या वर्गात बसला, तर आपण त्याच्या पत्रकात ‘समायोजनाची समस्या’ असे लिहू. पुस्तकातल्या मुलाचा राग हा आपल्याला साहित्य वाटतो आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलाचा राग हा विकार. ही दुटप्पी वाचनपद्धती आहे, आणि तिचा जाब आपल्याला द्यावाच लागेल.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आपल्या विद्यार्थ्यांना इतकी आवडते, यामागे हेही एक कारण असावे. नववीतला मुकुंद जोशी सांगतो त्या गोष्टीत वर्ग ही एक सजीव गोष्ट आहे. तिच्यात गट आहेत, टोपणनावे आहेत, निष्ठा आहेत, क्रौर्यही आहे. मोठ्यांना त्यातले अगदी थोडे दिसते. त्या कादंबरीचा निवेदक मूल आहे. आपल्या पत्रकाचा निवेदक मोठा माणूस आहे. फरक नेमका तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. सत्तर मुले, अपुरा अभ्यासक्रम, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे, यांत शिक्षकाने कोणाकोणाचे मन वाचायचे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मोठ्या तुकड्या लहान करा, हा आहे. मुलांना एकेक करून खोलीत पाठवा, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना दर अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे सांगते. हजार-दीड हजार मुलांच्या संस्थेत आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या बाईंकडून आपण सर्व जुळवून आणण्याची अपेक्षा ठेवतो. ती त्यांच्यावरही अन्यायकारक आहे.

तिसरा मुद्दा मी स्वतःच मांडते, कारण त्याविना हा लेख बेजबाबदार ठरेल. काही मुलांना बंद दार हवेच असते. घरी मार खाणारे मूल, लैंगिक अत्याचार सोसलेले मूल, स्वतःला इजा करून घेणारे मूल, आई गेलेली मुलगी. त्यांच्यासाठी एक विश्वासू, प्रशिक्षित, गोपनीयता पाळणारी व्यक्ती शाळेत असणे ही चैन नसून निकड आहे. न्यायालयाचा निकाल त्या अर्थी स्वागतार्हच आहे. किंबहुना, ‘असली मुले’ पाठवून देण्याच्या आपल्या सवयीमुळे या मुलांचा वेळ खर्ची पडतो आणि त्या दाराला ‘शिक्षेची खोली’ हे नाव चिकटते. एकदा ते नाव चिकटले, की ज्याला खरोखर जायचे आहे तेही मूल तिकडे फिरकत नाही.

६.

म्हणून मागण्या. पहिली, समुपदेशकाचे पद पूर्णवेळ आणि स्थायी असावे. कराराच्या नूतनीकरणासाठी ज्याला मुख्याध्यापकाच्या सहीची वाट पाहावी लागते, तो मुख्याध्यापकाला अप्रिय सत्य सांगणार नाही. दुसरी, समुपदेशकाला कोणत्याही वर्गात बसण्याचा अधिकार असावा आणि त्यासाठी कार्यालयाची परवानगी लागू नये. तिसरी, शिस्तभंगाची कारवाई आणि समुपदेशन यांचे मार्ग पूर्णपणे वेगळे असावेत. मुलाने खोलीत सांगितलेले काहीही शिक्षेच्या फायलीत जाता कामा नये. चौथी, शिक्षकांचे प्रशिक्षण. याच निकालात अध्यापक आणि अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही म्हटले आहे. शिक्षककक्षात त्या तत्त्वाचा उच्चार मी अद्याप ऐकलेला नाही. नेमणूक दुसऱ्याची होणार म्हटल्यावर सर्वांनी ऐकले, प्रशिक्षण आपले होणार हे कोणीच ऐकले नाही.

पाचवी मागणी कोणत्याही शासनाकडे नाही. ती या लेखाच्या वाचकांकडे, म्हणजे साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांकडे आहे. ते पत्रक बदलूया. त्यात तीन रकाने वाढवूया : या प्रसंगापूर्वी वर्गात काय घडत होते? इतर विद्यार्थी त्या वेळी काय करत होते? आपण स्वतः काय केले? तिसऱ्या रकान्याचे उत्तर प्रथमपुरुषी एकवचनात लिहावे, अशी सूचना खाली छापावी. यासाठी अनुदान लागत नाही.

ज्याला ओठ फुटण्याइतका मार बसला, त्या मुलाशी मी नंतर बोलले होते. ज्याने बाटली फेकली, त्याच्याशी बोलायचे राहून गेले. त्याचे पत्रक संस्थेच्या कपाटात अजून असेल. त्यावर माझी सही आहे आणि समस्येच्या स्वरूपाच्या रकान्यात त्याचे नाव आहे. तो रकाना आज भरायचा झाला, तर मी तेथे पहिले वाक्य लिहीन : “अमुक तारखेला प्रकट वाचनाच्या तासाला वर्ग हसला, आणि मीही हसले.” कोणत्याही समुपदेशकाला काम सुरू करायला एवढे वाक्य पुरेसे आहे.